‘आता या वयात कशाला लागतंय?’ : पोटातल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन आणि कमरेखालचा रक्तपुरवठा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे ३४ वर्षांचे, पुण्यात नोकरी. वडील ६३, सांगली जिल्ह्यात अडीच एकर द्राक्षबाग, छाटणीपासून माल निघेपर्यंत सगळं स्वतः उभं राहून करणारे. पोटात दुखतं म्हणून मुतखड्याच्या संशयाने सोनोग्राफी केली तर मुतखडा राहिला बाजूला, पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली निघाली. सीटी अँजिओमध्ये ती ५.८ सेंमी, आणि खाली तिच्या ज्या दोन फांद्या होतात त्यातली उजवी ३.४ सेंमी, डावी २.२ सेंमी. तीन वर्षांपूर्वी हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली, हृदयाचं पंपिंग ४० टक्के म्हणजे कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.३. बिडी कमी केलीय पण सुटलेली नाही. जवळच्या शहरातले डॉक्टर म्हणतात जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (जाळी लावलेली कापडी नळी) टाकू, उजव्या बाजूची आतली रक्तवाहिनी कॉइल (धातूच्या तारेचं बारीक वेटोळं) टाकून बंद करू, डावीकडची राहील, काम सोपं आहे. पुण्यातले डॉक्टर म्हणतात उजवी बंद करू नका, फांदीवाला ग्राफ्ट टाकून चालू ठेवू, पण इम्प्लांटचा खर्च काही लाखांनी वाढेल. काकांचं म्हणणं, पुण्याचे डॉक्टर लुटतायत, ‘आता या वयात त्याला तिथलं रक्त कशाला लागतंय?’ वडिलांना टेन्शन नको म्हणून यातलं काही सांगितलेलं नाही, ‘एक स्टेंट टाकायचाय’ एवढंच सांगितलंय, आणि ते म्हणतात माल निघाल्यावर बघू. मुलाचा प्रश्न : कोणत्या डॉक्टरचं खरं मानायचं? सोबत सीटी रिपोर्टच्या पानांचे फोटो.

नमस्कार,

रिपोर्टची सगळी पानं पाठवलीत हे फार बरं केलंत, निम्मं उत्तर तिथेच आहे, त्याच्याकडे येतो. आधी एक सांगून ठेवतो, मी तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, सीटीची चित्रंही बघितलेली नाहीत, नुसता रिपोर्ट वाचलाय. त्यामुळे खाली लिहितोय ते तुम्ही त्या दोन डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं ते कळावं म्हणून. माझं वाचून ऑपरेशन ठरवू नका.

‘कोणाचं खरं’ असं तुम्ही विचारलंय. दोघांचंही खरं आहे हो. पहिल्या डॉक्टरांचा प्लॅन पुस्तकाबाहेरचा नाही, वर्षानुवर्षं असंच करत आलेत आणि बऱ्याच पेशंटना त्याने काही होत नाही. पुण्याचे डॉक्टर सांगतायत तोही काही प्रयोग नाही. अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी १९९० साली पोटातल्या फुगवट्यात असा ग्राफ्ट जांघेतून बसवला तेव्हापासून ही पद्धत आहे, आणि फांदीवाले ग्राफ्ट युरोपात बरीच वर्षं वापरात आहेत, अमेरिकेच्या एफडीएनेसुद्धा गोर कंपनीच्या अशा ग्राफ्टला २०१६ मध्ये मान्यता दिली. म्हणजे एक लुटारू आणि एक प्रामाणिक अशी वाटणी डोक्यातून काढा, ती केली की पुढचं काही धड विचारताच येत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे : ऑपरेशननंतर कमरेखाली रक्त कोणत्या वाटेने जाणार, आणि ती वाट आज चांगली आहे का.

थोडं शरीरातलं समजून घ्या, कंटाळवाणं आहे पण याशिवाय पुढचं कळणार नाही. मुख्य रक्तवाहिनी म्हणजे एओर्टा, ती साधारण बेंबीच्या लेव्हलला दोन भागात फुटते. हे दोन कॉमन इलियाक, एक उजवा एक डावा. चार-पाच सेंटीमीटर खाली गेलं की प्रत्येकाचे परत दोन होतात. बाहेरचा, एक्स्टर्नल इलियाक, सरळ पायात जातो. आतला, इंटर्नल इलियाक, ओटीपोटाच्या खोबणीत उतरतो आणि कुल्ल्याचे मोठे स्नायू, लघवीची पिशवी, गुदाशय, पुरुषाचं लिंग, आणि काही प्रमाणात मणक्यातली मज्जारज्जू अशा सगळ्यांना रक्त देतो. आता ग्राफ्ट, म्हणजे कापडाची नळी आणि आत धातूची जाळी, वर आणि खाली दोन्हीकडे निरोगी भिंतीला घट्ट चिकटून बसावा लागतो, तरच रक्त नळीतून जातं आणि फुगवट्यावरचा दाब उतरतो. उजवा कॉमन इलियाक ३.४ सेंमी झालाय, तिथे पकड मिळणार कशी. म्हणून ग्राफ्टचा पाय आणखी खाली, एक्स्टर्नलपर्यंत न्यावा लागतो, आणि मग मधल्यामध्ये इंटर्नलचं तोंड झाकलं जातं. नुसतं झाकून भागेलच असं नाही, उलट्या बाजूने रक्त येऊन फुगवटा भरत राहू शकतो, म्हणून आत कॉइल किंवा प्लग टाकून ती बंद करतात. हा झाला पहिला प्लॅन.

घरी ठिबक आहे म्हणून सांगतो, एका सबमेनचा व्हॉल्व्ह बंद केला तरी दुसऱ्या बाजूने जोडलेल्या लाइनीतून थोडं पाणी येतं, दाब कमी येतो पण झाडं लगेच वाळत नाहीत. इथेही तसंच. उजवी बंद झाली तर डावीकडच्या इंटर्नलमधून, मांडीच्या खोल रक्तवाहिनीतून, वरून आतड्याकडून अशा आडवाटांनी रक्त पोचतं. म्हणून तर बऱ्याच लोकांना काही त्रास होत नाही. पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नाही. २०१७ मध्ये अडीच हजारांहून जास्त पेशंटचे आकडे एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात इंटर्नल बंद केलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना चालताना कुल्ल्यात दुखायला लागलं, त्यातल्या साधारण निम्म्यांचं दोनेक वर्षांत कमी झालं, उरलेल्यांचं राहिलं. दोन्ही बाजू बंद केल्या तर त्रास होणारे तिघांत एकापेक्षा जास्त. लिंगाची ताठरता जाणं किंवा कमी होणं साधारण दहात एकाला. आतड्याला किंवा मज्जारज्जूला रक्त कमी पडणं फार क्वचित, पण झालं तर जिवावर बेततं किंवा पाय लुळे पडतात.

हे कुल्ल्याचं दुखणं कसं असतं ते नीट सांगतो, कारण लोकांना ‘थोडं दुखेल’ एवढंच ऐकू येतं. माणूस बसला असताना काही नाही, झोपला असताना काही नाही. उठून चालायला लागला की शंभर-दोनशे पावलांवर कुल्ला भरून येतो, जड होतो, आतून पिळल्यासारखं होतं, मांडीच्या मागे उतरतं, आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातं. परत चाललं की परत तेच. चढावर लवकर येतं. कित्येकदा हे कमरेचं दुखणं समजून लोक एमआरआय काढत बसतात, साठीतल्या माणसाच्या एमआरआयमध्ये एखादी चकती सरकलेली सापडतेच, मग पट्टा, शेक, गोळ्या, सहा महिने जातात आणि मुळात रक्तच पोचत नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता सांगा, हे दुखणं कोणाला जास्त जाचेल? दुपारभर टीव्हीसमोर असणाऱ्याला ते आहे हेच कदाचित कळणार नाही. तुमचे वडील ओळीओळीने बाग फिरतात, फवारणीच्या वेळी ब्लोअरच्या मागे चालतात, थिनिंगला दिवस दिवस उभे असतात. काकांचा ‘या वयात कशाला’ हा हिशेब नेमका इथे उलटा पडतो, जो जास्त चालतो त्यालाच जास्त लागतं. आणि वय ६३ म्हणजे काय हो, ऑपरेशन नीट झालं, बिडी सुटली, हृदय सांभाळलं तर पुढे बरीच वर्षं आहेत, ती कशी जाणार याचाच हा प्रश्न आहे.

काकांच्या वाक्यात दुसरं पण काहीतरी आहे जे कोणी बोलत नाही. ‘तिथलं रक्त’ म्हणजे कुठलं, हे घरात सगळ्यांना कळलंय आणि सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय की या माणसाचं ते प्रकरण संपलेलं आहे. हे ठरवणारे तुम्ही कोण आणि काका कोण? तुमच्या आई-वडिलांचं आपसात काय आहे हे त्या दोघांना माहीत, मुलाने विचारायचं नाही आणि धाकट्या भावाने तर मुळीच नाही. पण डॉक्टरने विचारायला हवं. तेव्हा तुम्ही एवढंच करा, पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी फोनवर सांगा की बाबांशी पाच-दहा मिनिटं एकटं बोला, आणि मग तुम्ही खरोखर बाहेर जाऊन बसा. चहा प्या. मुलगा शेजारी बसला असताना गावाकडचा कुठलाही बाप ‘नाही हो, आता कसलं काय’ असंच म्हणतो, आणि ते केस पेपरवर तसंच लिहिलं जातं. हे आधी विचारून ठेवण्याला अजून एक कारण आहे, डायबेटिस, बीपी, हृदयाच्या गोळ्या, बिडी यामुळे बऱ्याच पुरुषांची ताठरता आधीच कमी झालेली असते. आधी काय होतं ते लिहिलेलं नसेल तर नंतर ऑपरेशनने गेलं की आधीच नव्हतं हे कोणालाच सांगता येत नाही, पेशंटलाही नाही.

त्यातून सरळ पुढचा मुद्दा येतो, तो मी जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वडिलांपासून लपवणं थांबवा. टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही हे मी रोज ऐकतो, आणि सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते हे मला माहीत आहे. पण नुसतं ‘एक स्टेंट’ म्हटल्यावर ते साहजिकच हृदयाच्या स्टेंटसारखं समजतायत, दोन दिवसांत घरी, म्हणून तर माल निघाल्यावर बघू म्हणतायत! तुम्हीच त्यांना निर्णयाची माहिती दिली नाही आणि आता त्यांचा निर्णय चुकतोय म्हणून काळजी करताय. जो माणूस बेदाण्याचा भाव आणि बँकेचं पीककर्ज सांभाळतो त्याला आपल्या पोटातली ५.८ ची गोष्ट झेपते. शिवाय संमतीच्या फॉर्मवर सही त्यांची लागणार आहे.

‘माल निघाल्यावर’ याचं उत्तर आत्ताच देऊन टाकतो. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत चार-साडेचार महिने जातात, तेवढं थांबू नका. पुरुषांमध्ये ५.५ सेंमी झालं की ऑपरेशनचा विचार करायचा असं जगभर धरतात, तुम्ही त्याच्या वर आहात. दुसऱ्या बाजूने, उद्या सकाळीच ॲडमिट व्हा असंही नाही. ब्रिटनमध्ये असे फुगवटे सापडले की आठ आठवड्यांत ऑपरेशन व्हावं असं उद्दिष्ट ठेवतात. तुम्हीपण काही आठवड्यांचा हिशेब धरा, त्यात दोन मतं घेणं, इको, किडनीच्या तपासण्या, मेडिक्लेमची कागदपत्रं सगळं बसतं. फक्त त्या काळात अचानक पोटात किंवा पाठीत जोराचं दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर गावात दुखण्याचं इंजेक्शन घेऊन वाट बघायची नाही, जिथे हे ऑपरेशन होतं तिथेच थेट, आणि निघतानाच फोन करून सांगायचं की फुगवटा माहीत असलेला पेशंट आहे. आणि अशा फुटलेल्या अवस्थेत आणलं तर डॉक्टर आधी जीव वाचवतात, इंटर्नल चालू ठेवायची की नाही ही चर्चा तेव्हा कोणी करत नाही. ती चर्चा करायची चैन आज आहे.

आता रिपोर्ट. दुसऱ्या पानावर, किडनीतल्या सिस्टच्या ओळीच्या खाली, एक ओळ आहे : डाव्या इंटर्नल इलियाकच्या तोंडाशी कॅल्सिफाइड प्लाक (कॅल्शियम साचून कडक झालेला चरबीचा थर), ७० टक्क्यांपेक्षा जास्त अरुंद. आणि शेवटी ठळक अक्षरात जे ‘इम्प्रेशन’ असतं, जे सगळे वाचतात, त्यात ही ओळ नाही. तिथे फुगवट्याची तीन मापं आहेत, मुतखडा नाही असं आहे, संपलं. यात कोणाची चूक काढायची म्हणून मी लिहीत नाहीये, रिपोर्ट लिहिणाऱ्याला फुगवटा महत्त्वाचा वाटला, बरोबरच आहे. पण पहिल्या प्लॅनचा सगळा भरवसा डावीकडच्या इंटर्नलवर आहे. उजवी बंद करू, डावी आहेच. ती डावी तोंडाशीच एवढी अरुंद असेल तर कागदावर एक बाजू चालू आणि प्रत्यक्षात दोन्ही बंद झाल्यासारखी गत होऊ शकते. त्यात ग्राफ्टने मोठ्या आतड्याकडे जाणाऱ्या इन्फिरिअर मेसेंटेरिकचं तोंडही झाकलं जाणार, ते या ऑपरेशनमध्ये नेहमीच झाकलं जातं, आणि रिपोर्टमध्ये ती आत्ता चालू दिसतेय. म्हणजे वरून येणारी एक वाट बंद, उजवी बंद, डावी अर्धवट. युरोप आणि अमेरिका दोन्हीकडच्या व्हॅस्क्युलर सर्जनच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की निदान एक तरी इंटर्नल चालू ठेवा. चालू म्हणजे रक्त जाणारी, नुसती न झाकलेली नव्हे.

म्हणून माझा कल, रिपोर्टमध्ये लिहिलंय ते चित्रांमध्येही तसंच असेल तर, उजवी वाचवण्याकडे आहे. रिपोर्टप्रमाणे उजवी इंटर्नल ८ मिमी आहे, तिला स्वतःला फुगवटा नाही, म्हणजे फांदी बसवायला जागा दिसतेय. हा ग्राफ्ट कसा असतो तर उजव्या पायाच्या नळीला बाजूला एक छोटी बाही शिवलेली असते, त्या बाहीतून दुसऱ्या जांघेतून किंवा कधी हातातून वायर नेऊन इंटर्नलमध्ये अजून एक कापड लावलेला स्टेंट सोडतात, की पायाला आणि ओटीपोटाला दोन्हीकडे रक्त चालू. पाच वर्षांनी बघितलं तरी दहातल्या नऊ किंवा जास्त फांद्या चालू सापडतात. फुकट मात्र काही मिळत नाही, वेळ जास्त लागतो, डाय (रक्तवाहिन्या स्क्रीनवर दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, किडनीला जड जातं) जास्त लागतो, आणि तुमच्या वडिलांचं क्रिएटिनिन १.३ आहे, तेव्हा किडनीचं बघणाऱ्या डॉक्टरांना आधी दाखवा, डिहायड्रेशन होऊ देऊ नका. सगळ्यांच्या शरीरात हा ग्राफ्ट बसतही नाही. कॉमन इलियाक आखूड असेल, आतून पोकळी फार अरुंद असेल, खालच्या रक्तवाहिन्या वळणावळणाच्या आणि कॅल्शियमने कडक झालेल्या असतील, इंटर्नल स्वतःच फुगलेली असेल, तर अनुभवी डॉक्टरही नको म्हणतात, आणि नको म्हणणाऱ्याला जुनाट समजू नका.

डाव्या बाजूचं दोन्ही डॉक्टरांना विचारायचं राहिलंय असं पत्रावरून वाटतं. डावा कॉमन इलियाक २.२ सेंमी. तिथे पायाशी रुंद होत जाणारा ग्राफ्ट बसवून इंटर्नलच्या तोंडाच्या वरच थांबता येतं, बेल-बॉटम म्हणतात त्याला, १९७० च्या दशकातल्या पँटवरूनच नाव पडलंय. साधारण अडीच सेंमीपर्यंतच्या रुंदीला हे चालतं, स्वस्तात होतं, आणि मी याच्या विरोधात अजिबात नाही. पण तुम्ही पकड घेताय ती मुळातच थोड्या फुगलेल्या भिंतीवर, पुढे ती आणखी रुंदावली तर खालून रक्त परत आत शिरायला लागतं आणि पुन्हा काम काढावं लागतं. त्यामुळे दरवर्षीची तपासणी चुकवायची नाही हे याच्यासोबत आलंच.

पहिल्या डॉक्टरांकडे परत जा, पुण्याच्या डॉक्टरांचं नाव घेऊन भांडायला नको, ती ओळ दाखवा आणि विचारा की डावी एवढी अरुंद आहे तरी उजवी बंद करायची का. मला वाटतं बहुतेक डॉक्टर तिथेच स्क्रीनवर सीटी परत उघडतील. ते म्हणू शकतात की रिपोर्ट जास्त घाबरवतोय, कॅल्शियममुळे सीटीत रक्तवाहिनी असते त्यापेक्षा अरुंद दिसते, हे खरंच होतं. म्हणू शकतात की डावीला तोंडाशी स्टेंट टाकू आणि मग उजवी बंद करू. किंवा म्हणतील की फांदीवालं काम आमच्याकडे फारसं होत नाही, तुम्ही पुण्यालाच करा, आणि असं सरळ सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा. बंदच करायची ठरली तर कॉइल किंवा प्लग कुठे टाकणार तेही विचारा. मुख्य खोडातच, पुढच्या फांद्यांच्या अलीकडे टाकलं तर आडवाटांनी येणारं रक्त फांद्यांमध्ये फिरू शकतं. खोल फांद्यांमध्ये कॉइल गेल्या की ती सोयही जाते आणि कुल्ल्याचं दुखणं जास्त होतं. आणि कोणाला दोन्ही बाजू बंद कराव्याच लागल्या (तुमच्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी) तर पुष्कळ डॉक्टर एकदम न करता मध्ये काही आठवडे सोडतात, आडवाटा रुंदावायला वेळ मिळावा म्हणून.

पोट उघडून करायच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण बोलायला हवं, कारण ६३ वय आणि धडधाकट माणूस असता तर मी तेच आधी विचारायला सांगितलं असतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२० च्या सूचनांमध्ये, न फुटलेल्या फुगवट्यासाठी झेपत असेल त्याला उघडं ऑपरेशनच द्या असं म्हटलंय. सुरुवातीला धोका जास्त, ईव्हार-१ नावाच्या ब्रिटिश चाचणीत पहिल्या तीस दिवसांत उघड्या ऑपरेशननंतर ४.७ टक्के दगावले आणि ग्राफ्टनंतर १.७ टक्के, पण पुढच्या वर्षांत हा फरक पुसला जातो आणि उघड्या ऑपरेशनवाल्यांना परत परत काम काढावं लागत नाही. मात्र पंपिंग ४० टक्के असलेल्या माणसाच्या एओर्टाला क्लॅम्प लावायचा म्हणजे हृदयावर मोठा ताण, त्यामुळे तुमच्या बाबतीत दोन्ही डॉक्टर ग्राफ्टच म्हणतायत हे मला पटतं. हृदयाच्या डॉक्टरांचं मत लेखी घ्या तेवढं.

पैशाचं. इम्प्लांटचा खर्च खरंच जास्त आहे, परदेशातून येणारा माल आहे, काही लाख म्हणजे काय हे बाग असलेल्या घराला मी सांगायला नको. हॉस्पिटलकडून अंदाजपत्रक घेताना ग्राफ्टचे सगळे तुकडे वेगवेगळे लिहून मागा : मुख्य ग्राफ्ट, फांदीचा तुकडा, जोडणारा स्टेंट, एक्स्टेंशन. आणि तसंच पहिल्या प्लॅनचंही मागा, कारण कॉइल, प्लग आणि जास्तीचा पाय हेपण पैशातच येतं, ‘साध्या’ प्लॅनचा आकडा तोंडी सांगताना ते धरलेलं असतंच असं नाही, कधी कधी दोन्हीतला फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. मेडिक्लेमसाठी टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) आधी प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा अर्ज, पाठवायला लावा आणि त्यात डॉक्टरांना दोन ओळी लिहायला सांगा की डावी इंटर्नल अरुंद आहे म्हणून उजवी चालू ठेवणं वैद्यकीय गरज आहे. नुसतं ‘ब्रँच डिव्हाइस’ लिहिलं की समोरचा माणूस ते चैनीचं समजून कापतो. आणि एवढं सगळं करूनही पैसे जमले नाहीत, किंवा चित्रांत दिसलं की फांदी बसत नाही, तर डावीचा बंदोबस्त करून उजवी बंद करणं हा काही गुन्हा नाही. फुगवटा तसाच सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरं, घरात कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

बिडी. ‘कमी केलीय’ चालणार नाही. बिडी चालू राहिली तर आडवाटाच आधी बंद पडतात, मांडीची खोल रक्तवाहिनी जाते, मग फांदीवाला ग्राफ्ट टाकून तरी काय उपयोग. ऑपरेशनच्या तारखेची वाट न बघता आजच सोडायची. आणि काकांनाही विचारा ओढतात का. कारण हा आजार घराण्यात चालतो, सख्ख्या भावांना धोका जास्त असतो, त्यांनी पन्नाशी ओलांडली असेल तर पोटाची एक साधी सोनोग्राफी करून घ्यावी, काही शे ते हजार-दीड हजारांचं काम आहे आणि त्यात कोणी लुटत नाही. तुम्हीपण पन्नाशीला आलात की करा.

ऑपरेशननंतर बहुतेक लोक दोन-चार दिवसांत घरी येतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत पोट फुगलं, खूप दुखलं, रक्ताचे जुलाब झाले तर ते आतड्याचं असू शकतं, वॉर्डमध्ये असाल तर नर्सला लगेच आणि घरी असाल तर लगेच परत. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडकली तरी तसंच. घरी आल्यावर चालताना कुल्ल्यात भरून आलं तर घाबरून चालणं बंद करू नका, उलट दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, गेलं की परत चालायचं, रोज अर्धा-पाऊण तास, काही महिने. आडवाटा चालण्यानेच तयार होतात. पायात रक्त कमी असलेल्यांना सिलोस्टॅझॉल नावाची गोळी बऱ्याचदा देतात, शेजारच्या कोणाला गुण आला म्हणून ती आणू नका, हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही, आणि तुमच्या वडिलांचं पंपिंग ४० आहे. ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीपीच्या गोळ्या हृदयासाठी चालू असतीलच, त्या स्वतःहून थांबवायच्या नाहीत.

पहिली सीटी साधारण महिन्याभराने होते, मग दरवर्षी सीटी किंवा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), आणि हे कायमचं आहे, पाच वर्षांनी सगळं ठीक म्हणून सोडून द्यायचं नाही. त्या प्रत्येक वेळी विचारायचं की उजवी फांदी चालू आहे का आणि डाव्या पायाची पकड रुंदावतेय का, दोन्हीची मापं रिपोर्टमध्ये लिहून मागायची. डिस्चार्जच्या दिवशी ग्राफ्टच्या प्रत्येक तुकड्याचा स्टिकर लावलेलं कार्ड आणि ऑपरेशनच्या आधीच्या सीटीची सीडी, नुसता रिपोर्ट नव्हे, हे दोन्ही ताब्यात घ्या, एक प्रत गावाकडे आणि एक तुमच्याकडे पुण्यात ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला काम करायची वेळ आली तर आत कोणत्या कंपनीचा, किती मिलिमीटरचा तुकडा आहे हे त्याला त्या कार्डावरूनच कळणार आहे.